इस्त्री केलेली लेबलं

४ फेब्रुवारी, रविवार

नातीने वाढदिवसाला दैनंदिनी पाठवली आहे. लांब शिकायला गेलेल्या पोरीला एवढं आठवू नये की आपल्या आजीला अक्षर येत नाही? की मुद्दाम पाठवली? तिच्यात माझं रक्त जरा जास्तच उतरलंय, तेव्हा मुद्दामच असणार. पुठ्ठा चांगला जाड आहे. चार दिवस मी त्यावर चहाचा कप ठेवत होते. आजपासून दैनंदिनीत लिहायचं ठरवलं. म्हणजे बोलणार मी, लिहिणार सून.

सून कोर्टात लघुलेखिका आहे. साक्षीदार खरं बोलो, खोटं बोलो, रडो, ही मान खाली घालून जसंच्या तसं उतरवते. मी तिला म्हटलं, "माझंही तसंच उतरवायचं. साखर घालायची नाही."

"आणि तुमच्या मुलाने वाचायला मागितलं तर?"

"सांग, खटला बंद दाराआड चालू आहे."

तर मुलाने आज सकाळी पावाला लोणी लावता लावता जाहीर केलं, की तळघर रिकामं होणार. व्यापारी ठरला आहे. अठ्ठावीस तारखेला येईल, अठ्ठेचाळीस बाटल्या घेऊन जाईल, आणि मग तळघरात दातांचे साचे करायची खोली होईल. मुलगा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतो आणि घरी आला की मला बंद करायला लावतो.

"आई, एकोणीस पायऱ्या आहेत त्या. तू दिवसातून दोनदा उतरतेस."

"तीनदा."

"बाबा जाऊन अकरा महिने झाले. आता ती वाइन पिणार कोण?"

"का? मी पण गेले का?"

"डॉक्टरांनी तुला सांगितलंय..."

"थोडी घ्या म्हणून सांगितलंय. थोडी म्हणजे किती ते सांगायला विसरले, मी आठवण करून दिली नाही."

सून चहात बघत होती. तिचे खांदे हलत होते.

आमचे हे बंदरावर बोटींतून उतरणाऱ्या मालाच्या याद्या करायचे. नोकरी सोडणाऱ्या एका कप्तानाने त्यांना फ्रान्समधल्या बोर्डोच्या लाल वाइनची एक पेटी दिली, तिथून नाद लागला तो शेवटपर्यंत. ही वाइन तरुणपणी प्यायची नसते. तेव्हा ती हिरड्या आवळते आणि उगाच अंगावर येते. वीस-तीस वर्षं अंधारात, गारव्यात, आडवी निजवून ठेवली की मग ती बोलण्यासारखी होते. ह्यांनी बाटल्या आणल्या, निजवल्या मी. बूच ओलं राहिलं पाहिजे, हवा फार कोरडी नको, म्हणून कोपऱ्यात खडीचं घमेलं ठेवून त्यात पाणी घालणारी मी. आणि आता माझ्या तळघरात दुसऱ्यांच्या दातांचे साचे.

लिही : मला मान्य नाही. खरं कारण उद्या सांगते. आज धीर होत नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

दार लावलं? कडी बघ.

सव्वीस वर्षांपूर्वी हे पित्ताशयाच्या खड्यांसाठी नऊ दिवस इस्पितळात होते. मुलगा वसतिगृहात. चौथ्या दिवशी तळघरातला पाण्याचा मोठा नळ फुटला. मी खाली गेले तर पाणी गुडघ्याच्या वर. खालच्या कप्प्यांतल्या बाटल्या सुटून तळाशी लोळत होत्या आणि पाण्यावर लेबलं तरंगत होती. शंभराच्या वर.

मी चौतीस वर्षं धुलाईच्या कारखान्यात इस्त्री केली आहे. ओलं दिसलं की मी घाबरत नाही, वाळवते. एकूणएक लेबल अलगद उचललं, दोरीवर लावलं, वाळल्यावर वर पातळ फडकं घालून मंद इस्त्री फिरवली, आणि कांजी करून बाटल्यांवर चिकटवलं. सुरकुती शोधून दाखवावी कुणी.

फक्त कुठलं लेबल कुठल्या बाटलीचं, हे मला ठाऊक नव्हतं.

लेबलं मी चित्रांवरून ओळखते. गलबतवाली, किल्लीवाली, दोन कुत्र्यांची, कमानीची. पण नागड्या बाटल्यांवर कसलं चित्र? बोर्डोच्या बाटल्या सगळ्या एका साच्याच्या, उंच खांद्यांच्या. तोंडं ह्यांनी आधीच लाल लाखेत बुडवलेली. अमुक कप्प्यात अमुक, हे मला तोंडपाठ होतं, पण पाण्याने कप्पेच मोडले. मग मी अंदाजाने लावली. आधी अंदाजाने, आणि शेवटी शेवटी नुसती जागा भरायला. हे घरी आले, खाली जाऊन आले, "छान ठेवलंस हो," म्हणाले. मी गप्प बसले. त्या दिवशी बसले ती बसलेच.

कारण सांगू? मुलाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी अंगठा उठवायचे. एकदा त्याने घरी येताना तो खोडरबराने पुसायचा प्रयत्न केला. कागद फाटला. त्यानंतर अक्षरावरून कुणी मला हसावं असं मी होऊ दिलेलं नाही.

आता मुलगा व्यापाऱ्याला सही करून देणार, की प्रत्येक बाटलीत लेबलावर आहे तेच आहे. कुणीतरी कुठेतरी उघडणार, आणि दातांचा डॉक्टर लबाड ठरणार. म्हणून विक्री मोडायची. आणि कारण सांगायचं नाही.

सून म्हणाली, "आई, सांगून टाका ना सरळ."

"तू लिहायला बसली आहेस की निकाल द्यायला?"

७ फेब्रुवारी, बुधवार

व्यापारी बघायला आला होता. पांढरे हातमोजे घालून बाटलीला हात लावतो, म्हणून त्याचं नाव हातमोजे. खिशात छोटी विजेरी. बाटलीच्या मानेत किती भरलंय ते उजेडात बघतो, मान हलवतो, पुढच्या बाटलीकडे जातो.

"साहेब, वीस वर्षं हा धंदा करतोय. इतक्या जुन्या बाटल्यांवर अशी लेबलं पाहिली नाहीत. एक सुरकुती नाही!"

मुलगा म्हणाला, "आमचं तळघर कोरडं आहे."

मी खोकले. हातमोजे म्हणाला, "आजींना इथली हवा बाधते वाटतं." मुलाने माझ्याकडे असं बघितलं की बघ, लोकांनाही दिसतंय. आणि दंडाला धरून मला वर नेलं. प्रत्येक पायरीवर थांबत. मी काय काचेची आहे?

९ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलाशी बोलले नाही. तोही बोलला नाही. सून मध्ये बसून दोघांना मीठ देत होती.

११ फेब्रुवारी, रविवार

आज मुलगा दंतवैद्यांच्या सभेला गेला, आणि मी बाटली उघडली.

काल सकाळीच ती उभी करून ठेवली होती, गाळ तळाशी बसायला. जुन्या वाइनला गाळ असतो, आणि तो पेल्यात आला की दात घासायची पूड प्यायल्यासारखं होतं. लाख सुरीने खरवडली. जुनं बूच पेच घालून ओढलं तर भुसा होतो. त्यासाठी ह्यांचा दोन पात्यांचा चिमटा आहे, तो बुचाच्या दोन्ही अंगांनी घालायचा आणि पिळत पिळत काढायचा. मी बाटली मांडीत धरली, सुनेने काढलं. पहिल्यांदाच काढलं, पण साक्षीदाराच्या तोंडून शब्द निघायची वाट बघायची सवय आहे तिला. घाई केली नाही. मग मेणबत्ती पेटवून बाटलीची मान ज्योतीसमोर धरली आणि सावकाश काचेच्या सुरईत ओतलं. गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आली की थांबायचं. ते मी केलं. माझा हात हलत नाही. बाकी सगळी हलते.

पेला पांढऱ्या फडक्यावर तिरपा धरला. मधे लाल, काठाला विटेचा रंग. वय झालंय.

पहिला वास जुन्या कपाटाचा, जिथे लोकरी कोट ठेवतात. मग सुकलेला आलुबुखारा. तोंडात गेल्यावर मऊ, गोलसर, जड कापड हातावरून सरकावं तसं. हे मला सांगायचे, त्या बोर्डो गावातून मोठी नदी वाहते. एका काठाला खडी, दुसऱ्या काठाला चिकणमाती. खडीकडची वाइन ताठ असते, तिला शिसपेन्सिल तासल्याचा वास येतो. चिकणमातीकडची मांडी घालून बसते. ही मांडी घालून बसली होती.

"चिकणमातीकडची," मी म्हटलं. "कमानीची असणार."

बाटलीवर लेबल गलबताचं. म्हणजे खडीकडचं.

सून बूच उलटंपालटं करत होती. म्हणाली, "आई, ह्यावर नाव छापलंय."

"ती नक्षी असते."

"नक्षी नाही. अक्षरं आहेत. वाइनवाल्यांचं नाव आणि साल. कमानीचीच आहे, आई. तुम्ही बरोबर सांगितलंत."

मी बूच हातात घेतलं. काळपट रेघोट्या. चाळीस वर्षं मी बुचं केरात टाकत आले.

नाही, खोटं झालं ते. खोड. बुचं मी टाकत नव्हते. हे बूच काढलं की खिशात घालायचे. नीटनेटका माणूस.

अर्धी सुरई दोघींनी संपवली. सुनेचे कान लाल झाले होते, तरी अक्षर सरळ येतंय. बघितलं मी. अक्षर कळत नसलं तरी रेघ सरळ आहे की नाही ते कळतं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

मुलाला रिकामी बाटली सापडली.

"आई, ही विकलेली होती!"

"अजून सही कुठे झालीय?"

"शब्द दिलाय मी."

"माझ्या तळघरावर तुझा शब्द? उद्या माझी कवळीही विकशील."

"कवळी मीच करून दिलीय तुला!"

"म्हणून तर बोलताना टोचते."

त्याने बाटली टेबलावर ठेवली. जरा वेळाने हळूच म्हणाला, "आई, कालसुद्धा तू पायऱ्या उतरलीस ना? एकटी?"

"उतरले आणि वर पण आले. वर येणं जास्त अवघड. त्याबद्दल कुणी विचारत नाही."

नंतर तळघराला कुलूप लावून किल्ली मी कमरेला खोचली आहे. घ्या म्हणावं. मुलगा म्हणतो, मी हट्टी झाले आहे. झाले आहे म्हणजे काय? ह्याला पंचेचाळीस वर्षांत कळलं नाही?

१५ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी उघडली. लेबल दोन कुत्र्यांचं. मी वास घेतला, शिसपेन्सिल, लोखंड, ओली पाटी. खडीकडची, गलबतवाली, म्हटलं. छाती ठोकून म्हटलं.

सुनेने बूच वाचलं. बराच वेळ वाचलं. "किल्लीवाली आहे, आई."

किल्लीवाली चिकणमातीकडची. म्हणजे काठसुद्धा चुकला.

सुनेने विचारलं, हे लिहू का? मी म्हटलं, कोर्टात वगळतेस का? लिही. माझी जीभ म्हातारी झाली असेल. किंवा ती कधी तरुण नव्हतीच आणि हे मला खूश ठेवत होते. सुरई टेबलावर आणून ठेवायचे, पेल्यात ओतायचे आणि विचारायचे, "बोल, आज कोण आलंय?" मी सांगायचे. "बरोबर," म्हणायचे. क्वचित "चूक". पण "बरोबर" जास्त. मला वाटायचं, मन राखतायत. त्यांना लेबल सांगत होतं एक, मी म्हणत होते दुसरं, आणि तरी "बरोबर"! नळ फुटायच्या आधी ते बाटलीच टेबलावर आणायचे. नंतर नेहमी सुरई. आजारपणानंतर गाळ सोसत नाही, म्हणाले.

सुनेने पेन खाली ठेवलं होतं. मी म्हटलं, उचल. तिने उचललं.

१८ फेब्रुवारी, रविवार

सुनेने ह्यांची वही काढली. प्रत्येक बाटली उघडली की हे त्यात लिहायचे. मी कधी वाचून घेतली नाही. बंदरावरच्या याद्यांसारखंच काहीतरी असेल असं वाटायचं. सून म्हणाली, "आई, हे ऐका. बसून ऐका."

मी उभ्यानेच ऐकलं.

तिने वाचलं : "ही म्हणाली, पावसात भिजलेल्या कोटाचा खिसा. त्यात विसरलेली तंबाखू."

तिने वाचलं : "ही म्हणाली, इस्त्री जरा जास्त वेळ टेकलेलं सुती कापड, पण जळायच्या आत उचललेलं."

पानंच्या पानं. ही म्हणाली, ही म्हणाली. मी म्हटलं, "हा माणूस माझी बोलणी चोरत होता!"

"आई, दोन रकाने आहेत," सून म्हणाली. "एकात लेबलावरचं नाव. शेजारी बुचावरचं. नळ फुटल्यानंतरच्या सगळ्या पानांवर. दोन्ही नावं क्वचितच जुळतायत. तुमचं उत्तर बुचाशी ताडून बरोबर-चूक लिहिलंय. चौसष्ट बाटल्या. सेहेचाळीस बरोबर."

म्हणजे माहीत होतं. पहिल्या बाटलीपासून माहीत होतं. म्हणून बुचं खिशात, म्हणून सुरई. मी पंचवीस वर्षं दर वेळी टेबलाशी बसायचे, आज पकडले जाणार, आज पकडले जाणार, आणि हा मनुष्य समोर बसून गुण देत होता! एकदा म्हणायचं होतं. "अगं, लेबलं उलटसुलट लागली आहेत बघ," एवढंच. मी रडले असते, दोन दिवस स्वयंपाक केला नसता, आणि संपलं असतं. त्याऐवजी हे. जिवंत असते तर बाटलीनेच...

सून विचारते आहे, पाणी आणू का. डोळ्यांत काही नाही माझ्या. लाखेची पूड गेली आहे.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज तळघरात गेले नाही. घमेल्यात पाणी सुनेने घातलं. सांगण्यासारखं काही नाही.

चौसष्टातल्या अठरा चुकल्या म्हणजे वाईट नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवस राहिले. सून दोनदा म्हणाली, "मी सांगू का त्यांना?" मी नाही म्हटलं. गप्प बसायचं ते मी गप्प बसले, तर बोलायचंही मीच. दुसऱ्याच्या तोंडून माझी चूक बाहेर पडली तर तिला भलताच वास येईल.

पण सांगायचं कसं? काल मुलगा नवीन साच्यांची यादी करत बसला होता, डोक्यावरचे केस विरळ झालेले दिसत होते, आणि मला ते फाटलेलं प्रगतिपुस्तक आठवलं. तो विसरला असेल. मी विसरावं अशी कुणाची अपेक्षा नाही ना? हे लिहिलं नाहीस तरी चालेल. बरं, लिही.

मुलाचा बेत मोडावा असंही नाही मला वाटत. त्याला साच्यांना खोली हवी, तर माझी शिवणाची खोली घ्यावी. मी आता शिवते काय? नुसती उसवते.

२८ फेब्रुवारी, बुधवार

एका दमात सांगते, मध्ये थांबवू नकोस.

हातमोजे दहा वाजता आला. बरोबर भुशाने भरलेली खोकी. टेबलावर कागद. मुलाने पेनाचं टोपण काढलं.

मी म्हटलं, "थांब. लेबलं खोटी आहेत."

मग सगळं सांगितलं. नळ, दोरी, इस्त्री, कांजी. उभ्याने सांगितलं, आवाज न चढवता. अक्षर येत नाही हे परक्या माणसासमोर माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. मुलाने माझ्याकडे बघितलं नाही. कागदाकडे बघत होता.

हातमोजे हसला. "आजी, मनाला लागलंय तुमच्या. यजमानांची आठवण. होतं असं."

"पाहिजे ती बाटली काढा," मी म्हटलं.

त्याने निवडून काढली. गलबतवाली. सुनेने चिमट्याने बूच काढलं आणि न बघता मुठीत धरलं. गाळ बसायला वेळ नव्हता म्हणून मी फार सावकाश ओतलं, अर्धीच सुरई भरली. हातमोजेने हातमोजे काढले. बोटं अगदी बाळासारखी मऊ निघाली. पेला फिरवला, नाक घातलं, डोळे मिटले.

"बघा ना," तो म्हणाला. "शिसपेन्सिल. लोखंड. खडीच्या काठाची, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. गलबतवालीच आहे. उगाच घाबरलात."

मी पेला घेतला. शिसपेन्सिल होती. लोखंड होतं. तो खोटं बोलत नव्हता. त्या गुरुवारी असाच वास आला होता आणि मी काठसुद्धा चुकले होते, ते आठवलं. मुलगा आता माझ्याकडे बघत होता. तोंड उघडं. रोग्याच्या खुर्चीत बसल्यासारखा.

मी घोट तोंडात धरून ठेवला. घाई केली नाही. पेन्सिल गेली. लोखंड गेलं. आणि सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, आलं ते : वाफाळलेल्या कपड्याची घडी उलगडल्यावर आतून येते ती ऊब. गलबतवालीला शेवट असा नसतो. ती दार आपटून जाते. आणि त्या गुरुवारच्या बाटलीत हीच ऊब होती. मी पेन्सिलीवरच फसले होते, शेवटापर्यंत थांबलेच नव्हते.

"किल्लीवाली," मी म्हटलं.

सुनेने मूठ उघडली. बूच मुलापुढे धरलं. त्याने चष्मा वर करून वाचलं, मग हातमोजेकडे दिलं. त्याने वाचलं आणि कागदाशेजारी उभं ठेवलं. मी आपली उरलेली प्यायले, वाया कशाला घालवायची.

मग हातमोजे खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "साहेब, हे आपल्या चौघांत राहू दे. ह्या बाटल्या कुणी उघडत नाही. लोक काचेच्या कपाटात मांडतात, पाहुण्यांना दाखवतात. लेबल स्वच्छ हवं, बस. आणि इतकी स्वच्छ लेबलं मी बघितली नाहीत. करा सही."

सांगते, एवढा राग मला ह्यांच्या वहीवर आला नव्हता. उघडत नाही! वाइनला तीस वर्षं अंधारात निजवायचं ते कपाटात उभी करायला? बूच वाळून मरेल ते वेगळंच. पण माझं बोलायचं ते बोलून झालं होतं. आता सही त्याची होती.

मुलाने विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"होतं. ह्या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं."

तो सुनेकडे वळला. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. मी फक्त लिहून घेतलं."

मग त्याने पेनाला टोपण लावलं. सावकाश, टक असा आवाज येईपर्यंत. आणि व्यापाऱ्याला म्हणाला, "मी खोटे दात बसवतो. रोज बसवतो. पण खोटे आहेत हे सांगून."

हातमोजे खोकी रिकामीच घेऊन गेला. भुसा मात्र दिवाणखानाभर सांडला. जाताना दारात थांबून मला विचारत होता, शेवटाला नक्की काय आलं म्हणून. मी सांगितलं नाही. त्याने पुस्तकात बघावं.

मुलगा भुसा झाडत होता तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "आई, पाणी गुडघ्याच्या वर होतं म्हणालीस. वीज चालू होती?"

"होती बहुतेक."

त्याने केरसुणी टाकली आणि माझ्यावर असा ओरडला, असा ओरडला, की शेजारच्यांनी खिडकी उघडली. सव्वीस वर्षांपूर्वीच्या पाण्यावरून! लेबलांबद्दल अक्षर नाही. माणसं कशावर चिडतील सांगता येत नाही.

३ मार्च, शनिवार

साच्यांची खोली शिवणाच्या खोलीत होणार. मुलाने आज दिवसभर पायऱ्यांना कठडा बसवला. चार खिळे वाकडे. सरळ कर म्हटलं तर म्हणतो, तू धरायचास, बघायचा नाहीस.

संध्याकाळी म्हणाला, बुचं वाचून लेबलं नीट लावून घेऊ का, जशी जशी बाटली उघडेल तशी. मी म्हटलं, उघडल्यावर लेबल काय करायचंय? आणि न उघडलेल्यांची राहू दे आहेत तशी. सव्वीस वर्षांत एकाचाही कोपरा उचललेला नाही, मी काही ती पुन्हा भिजवणार नाही.

सेहेचाळीस राहतील असं सून म्हणत होती, पण बुधवारची धरून पंचेचाळीस. महिन्याला दोन. संपवायला मला जवळजवळ दोन वर्षं लागतील, तेव्हा डॉक्टरांना तसं कळवायला सांगितलंय.

उद्यासाठी तिसऱ्या कप्प्यातली डावीकडची उभी करून ठेवली आहे. लेबल कमानीचं, म्हणजे कमान सोडून काहीही. पहिला अंदाज मुलाने करायचा असं ठरलंय. त्याने दुपारपासून वही घेऊन पाठांतर चालवलंय, खडीकडची म्हणजे पेन्सिल, चिकणमातीकडची म्हणजे आलुबुखारा. तो चुकणार आहे. चुकू दे. बूच मी खिशात घालणार आहे.